कॅप्टन चिंबोरीचा तिसरा अंक

रविवारी सकाळी चर्चमध्ये सातच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनेत, लग्नाच्या दोन घोषणा वाचून झाल्या. फादर फेबियन यांनी निळ्या फाइलमधला तिसरा कागद उचलला आणि त्याच सुरात, तितक्याच संथपणे वाचायला सुरुवात केली.

“पहिली घोषणा. ‘गगनवीर ३’ हा चित्रपट आणि ‘कॅप्टन चिंबोरी’ हे कॉमिक, अंक एक ते सहा.”

बावखल आळीच्या चर्चमध्ये त्या वेळी अडीचशेच्या आसपास माणसं होती. पंख्यांचा आवाज सोडला तर सगळं शांत झालं. डावीकडच्या सातव्या बाकावर बसलेल्या डायना तुस्कानोने शेजारणीच्या हातातलं गीतांचं पुस्तक ओढून घेतलं आणि त्यात तोंड लपवलं.

नंदाखालच्या पुढे, केळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता जिथे अरुंद होतो तिथे ही आळी आहे. इथे कोणाचं लग्न ठरलं की ओळीने तीन रविवार चर्चमध्ये त्याची घोषणा होते. मुलाचं नाव, मुलीचं नाव, दोघांची गावं. आणि शेवटी, या लग्नाला काही अडथळा कोणाला ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा, असं आवाहन. गेल्या तीस वर्षांत अडथळा कळवायला कोणीही आलेलं नाही. ते वाक्य ऐकताना लोक न्याहारीचा विचार करत असतात.

फादर फेबियन त्या एका रविवारपुरते बाहेरून आले होते. आळीचे नेहमीचे फादर शिबिराला गेले होते आणि जाताना फोनवर एवढंच सांगून गेले होते की निळ्या फाइलमध्ये असेल ते वाचायचं, हिरव्या फाइलमध्ये असेल ते फलकावर लावायचं. फादर फेबियन शिस्तीचे होते. कागद निळ्या फाइलमध्ये होता. ते वाचत राहिले.

“गगनवीराला शहर वाचवायला पावणेतीन तास आणि चार गाणी लागतात. चिंबोरी तेच काम बत्तीस पानांत करते आणि संध्याकाळच्या बाजाराला वेळेवर पोहोचते. ‘तळघर नंबर नऊ’ हा चित्रपट आणि ‘शून्य मजला’ ही ग्राफिक नॉव्हेल. चित्रपटात लिफ्टमधलं भूत दिसतं म्हणून भीती वाटते, पुस्तकात दिसत नाही म्हणून वाटते. ‘किनाऱ्यावर कोणी नाही’ हा चित्रपट आणि ‘मुकं मिठागर’ ही ग्राफिक नॉव्हेल. पुस्तकात एकही शब्द नाही. ज्यांना वाचनाचा कंटाळा आहे त्यांनी हे आधी न्यावं. ज्यांना वाचनाचा गर्व आहे त्यांनीही.”

इथे फादरांनी चष्मा सारखा केला. पहिल्या बाकावर बसलेले, आळीच्या वाचनालयाचे अध्यक्ष पीटर मास्तर एकदम ताठ झाले.

“वरील बाबतीत कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास त्याने तो विनाविलंब कळवावा. तसं करणं त्याच्या विवेकबुद्धीवर बंधनकारक आहे.”

मागच्या बाकांवरून एक हसू फुटलं आणि खोकल्यात बदललं. मग दुसरं फुटलं, ते बदललं नाही.

चूक डायनाचीच होती. ती सत्तावीस वर्षांची, आठवडाभर कामणच्या एका गोदामात माल तपासणारी आणि रोज संध्याकाळी व रविवारी आळीच्या वाचनालयाची ग्रंथपाल. वाचनालयात प्रिंटर नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी तिने चर्चच्या ऑफिसातल्या संगणकावर आपली शिफारशींची यादी टाइप केली. कागद नीटनेटका दिसावा म्हणून तिने लग्नाच्या घोषणेची जुनी फाइल उघडली आणि मधला मजकूर पुसून आपला घातला. वरची एक ओळ आणि खालच्या दोन ओळी पुसायच्या राहिल्या. मग तो कागद फलकावर लावण्यासाठी तिने आग्नेलकडे दिला. आग्नेल एकसष्ट वर्षांचा. घंटा, मेणबत्त्या आणि चर्चची दारं त्याच्याकडे असतात. हिरवी फाइल कोणीतरी सणाच्या मीटिंगला नेली होती. कागद पंख्याने उडू नये म्हणून आग्नेलने तो तात्पुरता निळ्या फाइलमध्ये ठेवला. त्याने तो वाचला नव्हता. तो सहसा काही वाचत नाही.

यादी करायची वेळ आली होती ती एका कपाटामुळे. वाचनालयाच्या उत्तरेच्या भिंतीला एक बिनदाराचं लोखंडी कपाट आहे आणि त्यात डायनाने तीन वर्षांत जमवलेली त्रेसष्ट कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल्स आहेत. वाचनालय पीटर मास्तरांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी काढलं. त्याचे बावीस नियम त्यांच्याच अक्षरात दारामागे टांगलेले आहेत. नियम नऊ सांगतो की ज्या कपाटातून महिन्यात चाळीस पुस्तकं जात नाहीत ते कपाट दुसऱ्या विभागाला दिलं जाईल. दुसरा विभाग म्हणजे स्पर्धा परीक्षांची गाइडं. ती याच महिन्यात आली होती आणि खोक्यांत भरून तयार होती. ग्रंथपालाने स्वतः नेलेली पुस्तकं मोजणीत धरली जाणार नाहीत, अशी पुरवणी मास्तरांनी पहिल्याच महिन्यानंतर जोडली होती.

तो महिन्याचा शेवटचा रविवार होता. मासिक सभा संध्याकाळी पाचला. सभा संपेपर्यंतच्या नोंदी मोजायच्या. डायनाच्या कपाटातून महिनाभरात अकरा पुस्तकं गेली होती. त्यातली चार तिचा चुलतभाऊ ब्रायन याने नेली होती. तो वाचत नसे. तो फक्त डायनाला घाबरत असे.

साडेआठला डायनाने वाचनालयाचं दार उघडलं तेव्हा पायरीवर अकरा जण उभे होते. सगळ्यांत पुढे रोझलीन मावशी. मूळची अर्नाळ्याची, लग्न होऊन आळीत आलेली, आगाशीच्या बाजारात मासे विकणारी. सभासद झाल्यापासून सहा वर्षांत तिने एकही पुस्तक नेलेलं नव्हतं.

“काय गो डायना,” ती म्हणाली, “ती चिंबोरी कोन?”

“कॉमिकमधली आहे, मावशी. खेकडाबाई. म्हणजे अर्धी बाई, अर्धी चिंबोरी. शहर वाचवते.”

“कोनाचं शहर?”

“आपलंच, असं समजा.”

“आनि बाजाराला वेळेवर पोचते म्हनतात. ते कसं? मी बाई असून मला जमत नाय. मला आक्षेप घ्यायचाय.”

मागून दिनानाथ काका पुढे आले. आगाशीतल्या एका इमारतीचे ते सेक्रेटरी. मिस्सेला नव्हते, पण आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांना तीन जणांचे फोन आले होते. “लिफ्टवर पुस्तक आहे असं कळलं.”

“लिफ्टमधल्या भुतावर आहे, काका.”

“तेच ते. मलाही आक्षेप नोंदवायचाय. आमच्या सोसायटीत आधीच लोक लिफ्टचं नाव काढलं की भांडतात.”

“मला पण!” मागून कोणीतरी ओरडलं.

“तुला कशावर?”

“ते आत गेल्यावर ठरवतो!”

डायनाला हे सगळं थांबवायचं होतं, पण तिला हसू येत होतं आणि हसताना तिला नीट बोलता येत नाही. तेवढ्यात पायरीखाली सायकल उभी राहिली आणि पीटर मास्तर वर आले. त्यांनी डाव्या हाताचा पंजा उचलून लोकांकडे केला. चौथीच्या वर्गात ते ‘थांबा’ म्हणायचे नाहीत, असाच पंजा दाखवायचे. पायरीवरच्या अकरांपैकी नऊ जण त्यांच्या हाताखालून गेलेले होते. नऊ जण गप्प झाले. उरलेले दोघे नऊ जणांना बघून गप्प झाले.

“हा काय बाजार आहे?” मास्तर म्हणाले. “पुस्तकाला अडथळा कसला? पुस्तकाचं लग्न आहे का? घरी जा.”

“नाही मास्तर,” मागून शांत आवाज आला. फादर फेबियन हातात चहाचा कप घेऊन चर्चच्या व्हरांड्यातून येत होते. “चूक झाली हे मला दुसऱ्या वाक्यालाच कळलं. पण वेदीवरून आवाहन केलं गेलंय. विवेकबुद्धीला केलंय. आता कोणी अडथळा घेऊन आला तर तो ऐकून घ्यावा लागेल. संध्याकाळी साडेपाचला माझी गाडी येते. तोवर मी इथेच आहे.”

“फादर, ही कॉमिक्स आहेत!”

“मी वाचलं तेव्हा कळलं मला ते.”

मास्तरांनी एकदा फादरांकडे, एकदा गर्दीकडे पाहिलं. बावीस नियमांचा माणूस कोंडीत सापडला की नियमाकडेच वळतो. त्यांनी दार ओढून त्यामागचा कागद बाहेर आणला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं.

“नियम चौदा. न वाचलेल्या पुस्तकाविषयी तक्रार घेतली जाणार नाही. तक्रारीसोबत नोंदवहीतला देवघेव क्रमांक लिहिणं आवश्यक. ऐकलंत? ज्याने पुस्तक नेऊन वाचलं नाही, त्याला आक्षेप घ्यायचा अधिकार नाही. आता जा.”

कोणी गेलं नाही. चारेक सेकंद सगळे विचार करत होते. मग रोझलीन मावशीने पिशवीतून सभासद कार्ड काढलं. ते इतकं कोरं होतं की डायनाला ते कालच केल्यासारखं वाटलं.

“दे गो एक,” मावशी म्हणाली. “क्रमांकासकट.”

पुढच्या चाळीस मिनिटांत जे झालं तसं त्या वाचनालयात कधी झालेलं नाही. अकरांची रांग एकवीसवर गेली. ज्यांचं सभासद कार्ड घरी होतं ते पळत जाऊन घेऊन आले. एकाने बायकोचं आणलं, ते परत पाठवलं गेलं, म्हणून तो बायकोला घेऊन आला. एक माणूस आक्षेप आधीच लिहून आला होता आणि आता तो कोणत्या पुस्तकाला लावता येईल हे विचारत होता. नियम सहाप्रमाणे एका सभासदाला दिवसाला एकच पुस्तक मिळतं, त्यामुळे कोणी काय न्यायचं यावर भांडणं लागली.

“मला भुताचं दे.”

“भुताचं दिनानाथ काकांनी नेलं.”

“मग दुसरं भुताचं दे. एवढी जाड जाड आहेत, त्यात कुठेतरी असेलच की भूत.”

ब्रायन रांगेत चौदावा होता. “डायना, मला मुकं मिठागर हवंय.”

“ते आग्नेल काकांनी नेलं.”

“आग्नेल काकांनी?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. आग्नेल बाहेर आंब्याखाली खुर्चीवर बसून पान उलटत होता. त्याने निळ्या फाइलीबद्दल सकाळपासून अकरा वेळा माफी मागितली होती आणि बारावी मागायला आला असताना डायनाने त्याच्या हातात ते पुस्तक ठेवलं होतं.

पीटर मास्तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून प्रत्येक नोंद तपासत होते. सह्या बरोबर जागी होत्या. तारखा बरोबर होत्या. हरकत घेण्यासारखं काहीही सापडत नव्हतं. साडेबारापर्यंत दिवसाच्या चोवीस नोंदी झाल्या. आधीच्या अकरा धरून पस्तीस.

दुपारी आळीत नेहमी झोप असते. त्या रविवारी नव्हती. ओट्यांवर, विहिरीच्या काठावर, केळीच्या सावलीत माणसं कॉमिक्स घेऊन बसली होती आणि एकमेकांना ओरडून विचारत होती. रोझलीन मावशीकडे चिंबोरीचा चौथा अंक आला होता, पहिला आणि दुसरा दोन वेगळ्या घरांत होते. दुसरा अंक संपतो तेव्हा चिंबोरी बर्फाच्या पेटीत कोंडलेली असते. चौथा सुरू होतो तेव्हा ती समुद्राच्या तळाशी एका नांगराला बांधलेली असते. मधे काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण कपाटात तिसरा अंक नव्हताच. दोन वाजल्यापासून डायनाच्या घरी दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन तिसरा मागत होतं. तिची आई शेवटी दारातच बसली आणि येणाऱ्याला रस्त्यावरूनच “नाहीये!” असं सांगू लागली.

त्या तासांत आणखी चार सभासद पुस्तकं घेऊन गेले. सगळे मिळून एकोणचाळीस.

मग कोणी येईना. डायनाने सभासदांची यादी काढली. एकशे चार नावं. त्यांतले साठसत्तर नोकरीमुळे वसईत, आचोळ्यात, मुंबईत राहायला गेलेले. दोन पाळीवर, एक इस्पितळात, काही पाहुण्यांकडे. जे आळीत होते त्यांतल्या प्रत्येकाने आजचं एक पुस्तक नेलेलं होतं. नवे सभासद मासिक सभेत मंजूर होतात आणि त्यांना पुस्तक दुसऱ्या दिवसापासून मिळतं. तिने नावांवरून दोनदा बोट फिरवलं. एकाच नावापुढे खूण नव्हती. ते यादीत पहिलंच होतं आणि त्या नावाचा माणूस पाच वाजता येऊन अध्यक्षाच्या खुर्चीत बसणार होता.

पाचला सभा सुरू झाली. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून चर्चमधले दोन बाक आणले. एरवी सभेला सहा माणसं येतात. मास्तरांनी नोंदवही मागवली, ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“एकोणचाळीस,” ते म्हणाले.

“मास्तर, एकाने काय होतं?” ब्रायन म्हणाला.

“एकाने चाळीस होतं. ते झालेलं नाही.”

 डायना कपाटाला पाठ लावून उभी होती. चौथीत तिला अक्षरं ओळीत राहत नाहीत असं वाटायचं. ओळीवरून घसरून ती पानभर फिरायची. कॉमिकच्या फुग्यात अक्षरं कोंडलेली असत, तिथून ती पळत नसत. ती वाचायला शिकली ती त्या फुग्यांतून. हे तिने सभेत कधी सांगितलं नव्हतं आणि आता सांगायला वेळही नव्हता.

“त्याआधी आक्षेप,” फादर फेबियन म्हणाले. त्यांच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता. “मला सव्वीस मिळालेत. नियम चौदाप्रमाणे सगळ्यांवर क्रमांक आहेत. वाचतो. दिनानाथ यांचा: ‘शून्य मजला’ या पुस्तकातल्या लिफ्टमध्ये तपासणीचं प्रमाणपत्र लावलेलं दिसत नाही, भूत येण्याचं कारण तेच असावं.”

“एकशे एक टक्के,” दिनानाथ काका म्हणाले.

“ब्रायन यांचा: पुस्तक वाचायला घेतल्यावर जेवण थंड झालं. आग्नेल यांचा...” फादर थांबले. कागदावर दोनच शब्द होते. “लवकर संपतं.”

सगळे आग्नेलकडे बघू लागले. आग्नेलने मान खाली घातली. “चाळीस मिनटं लागली,” तो म्हणाला. “अख्खं पुस्तक. माझं पयलंच.”

फादरांनी तो कागद गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.

“रोझलीन यांचा,” फादर पुढे म्हणाले. “चौथ्या अंकात—”

“मीच सांगते,” मावशी उठली. “मी छत्तीस वर्षं चिंबोऱ्या विकते. चिंबोरीला आठ पाय आनि दोन नांग्या. पयल्या अंकाच्या कव्हरावर बरोबर आठ हायेत, मी ब्रायनच्या हातात बघितलं. चौथ्यात मोजून सहा! चित्र काढनाऱ्याला पाय मोजता येत नाय. असलं चुकीचं पुस्तक ठेवायचं कशाला?”

“आक्षेप फेटाळला,” पीटर मास्तर म्हणाले. चुकीचं उत्तर ऐकलं की त्यांना राहवत नाही. चाळीस वर्षांची सवय. “चित्र बरोबर आहे. दोन पाय तिसऱ्या अंकात डॉक्टर शेवंडने तोडले.”

ते बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

वाचनालयात चाळीसेक माणसं होती. बाहेर एक कोंबडा चालत गेला तो सगळ्यांना ऐकू आला.

“मास्तर,” फादर फेबियन यांनी हळूच विचारलं, “तिसरा अंक तर कपाटात नाहीये ना?”

 डायनाने टेबलावरची कपाटाची सूची उघडली. गोदामात काम करणाऱ्या माणसाच्या याद्यांत रिकामी जागा नसते. वस्तू नसेल तर ती कुठे आहे ते लिहिलेलं असतं. तिने सतरावी ओळ वाचली.

“कॅप्टन चिंबोरी, अंक तीन. सध्या बाहेर. मा. पीटर सर यांच्याकडे. इयत्ता चौथी, तुकडी ब, मराठीचा तास. सतरा वर्षांपासून.”

पहिल्यांदा हसली ती रोझलीन मावशी. मग बाक हलायला लागले. दिनानाथ काकांना चष्मा काढावा लागला. कोणीतरी ओरडलं, “मास्तर, परत न केलेल्या पुस्तकाला नियम कितवा?” आणि पन्नाशीतले चार गृहस्थ चौथीतल्यासारखे एका सुरात म्हणाले, “नियम अकरा!”

मास्तर लाल झाले होते. “वर्षाच्या शेवटी मागायला आली असतीस तर दिला असता,” ते डायनाला म्हणाले.

“माझी हिंमत नव्हती, सर.”

मास्तर उठले. “सभा चालू आहे. कोणी जायचं नाही.” ते सायकलवर बसले आणि गेले.

ते अकरा मिनिटांनी परत आले. हातात खाकी कागदाचं कव्हर घातलेला एक पातळ अंक होता. कव्हरावर चौकोनी लेबल: ‘जप्त. डायना तुस्कानो. ४ ब.’ डायनाने तो उघडला. आत प्रत्येक फुग्यातलं शुद्धलेखन लाल शाईने तपासलेलं होतं. शेवटच्या पानावर, चिंबोरी नांगरासकट तळाशी जात असते तिथे, समासात बारीक अक्षरात पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह होतं.

“तुम्ही वाचलात, सर.”

“तपासला.”

“किती वेळा?”

मास्तरांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “पुढचं कुठे मिळेना,” ते म्हणाले. “गिरगावात विचारलं. दादरला विचारलं. तो छापणारा बंद पडला म्हणाले. ती तळाशी गेली, दोन पाय गेले, आणि पुढे क्रमशः. असं कोणी सोडतं का माणसाला?”

“पाय परत फुटतात, मास्तर,” रोझलीन मावशी म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. “काय?”

“चिंबोरीचे. पाय तुटला तर परत येतो. जुनं कवच टाकते ना, तवा नवा फुटतो. तुम्हाला ठाव नाय? एवढी पुस्तकं वाचून?”

“परत फुटतात,” मास्तर म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हटलं. मग त्यांनी डायनाकडे पाहिलं, तिच्या मागच्या कपाटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. बाहेर फादरांना न्यायला आलेली गाडी हॉर्न देत होती.

“चौथा आहे का?” त्यांनी विचारलं.

डायना म्हणाली, “मावशींनी नेलाय.”

“मी केव्हाच परत दिला,” मावशी म्हणाली. “टेबलावर ठेवला होता.”

टेबलावर नव्हता. सगळे शोधू लागले. बाकांखाली, गाइडांच्या खोक्यांमागे, नोंदवहीखाली. मग ब्रायनने फादर फेबियन यांच्याकडे बोट दाखवलं. आक्षेपांचा गठ्ठा त्यांनी उभा धरला होता आणि त्याच्या आड डोकं खाली घालून ते बसले होते.

“फादर!”

“तीन पानं राहिलीत,” फादर वर न बघता म्हणाले.

“फादर, सभा संपेपर्यंतच वेळ आहे,” डायना म्हणाली.

“मग संपवू नका.”

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. सभा संपल्याचं जाहीर करणं हे अध्यक्षाचं काम. नियम तीन.

“सभा संपलेली नाही,” पीटर मास्तर म्हणाले.

हॉर्न पुन्हा वाजला. आग्नेल ड्रायव्हरला सांगायला बाहेर गेला आणि बरोबर एक कॉमिक घेऊन गेला. आत चाळीस माणसं एका धर्मगुरूला वाचताना बघत उभी होती. फादरांनी एक पान उलटलं. कोणीतरी श्वास सोडला. दुसरं उलटलं. फादर स्वतःशीच हसले, तेव्हा मास्तर अर्धे उठले आणि पुन्हा बसले. तिसरं पान फादरांनी फारच सावकाश वाचलं.

“हं,” ते म्हणाले आणि अंक मिटला. “मास्तर, ती—”

“सांगू नका!” मास्तर ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा झाला की बाहेर ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला.

डायनाने नोंदवही पुढे केली. पीटर मास्तरांनी तारीख लिहिली, पुस्तकाचं नाव लिहिलं, सभासद क्रमांक एक लिहिला आणि सही केली. सहीखाली रेघ मारायची त्यांची सवय आहे, तीही मारली. चाळिसावी ओळ.

ब्रायनने डायनाला उचललं. दिनानाथ काका टाळ्या वाजवू लागले आणि मग सगळेच वाजवू लागले. दोन जणांनी गाइडांचं एक खोकं उचलून दक्षिणेच्या भिंतीला, खिडकीखाली नेऊन ठेवलं. तिथेही ते छान बसलं. फादर फेबियन गाडीत बसायला गेले, दोन मिनिटांनी परत आले आणि पाचवा अंक वाटेत वाचायला नेता येईल का म्हणून विचारू लागले. पाहुण्यांना पुस्तक देण्याचा नियम नव्हता. तो करायचा तर ठराव लागणार होता, आणि ठरावाला अध्यक्ष लागणार होता.

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून बसले होते. चष्मा कपाळावर, चौथा अंक नाकाजवळ, तिसरा मांडीवर उघडा. लाल पेन खिशातच होतं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि सभा अजून चालूच होती.

“मास्तर,” रोझलीन मावशी म्हणाली, “ठरावाचं काय? आनि सभेचं? मला भात टाकायचाय.”

मास्तरांनी वर पाहिलं नाही. फक्त डावा हात उचलून पंजा दाखवला. सगळे गप्प झाले आणि मास्तरांनी पान उलटलं.